प्रस्तावना : खाड्याचा हिशेब

नाईट शिफ्ट संपवून बोईसरच्या एखाद्या दवाखान्यात शिरणारा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणा. ‘डोकं जड होतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही,’ असे तो सांगतो. उदास वाटते, असे म्हणत नाही. दोन मिनिटांत तपासणी होते, पित्ताच्या गोळ्या मिळतात आणि तो खोलीवर परततो. महिन्याने पुन्हा येतो. आपल्या नोंदींत हा माणूस ‘मानसिक उपचार न घेतलेला’ ठरतो. त्याच्या लेखी मात्र तो दोनदा डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो.

मदत मागण्याच्या वाटेचा अभ्यास या विसंगतीपासून सुरू होतो. या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या परिचारिका, आशाताई, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे स्वागत करताना एक गोष्ट आधीच सांगतो : लोक मदत मागत नाहीत हे गृहीत सोडून द्या. ते मागतात. कुणाकडे, कोणत्या शब्दांत आणि काय गमावून, हे शोधणे आपले काम.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचारांतली दरी 70 ते 92 टक्के आढळली. ते 12 राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या दारातले चित्र त्या आकड्यांवरून फक्त अंदाजाने काढता येते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरमध्ये तर हा अंदाजही एका साच्यात बसत नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत, सातपाटीची मच्छीमार वस्ती आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे एकाच जिल्ह्यात आहेत. पण अडथळे तीन तऱ्हांचे आहेत.

कामगाराचा अडथळा खाड्याचा. ठेकेदाराकडे एक दिवस बुडाला की त्या दिवसाचा रोज गेला. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचे तर बोईसरहून लोकल, वसईला किंवा दादरला गाडी बदलणे, मग रांग. त्यातून नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे कुणी आधी समजावले नाही, तर आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पाकीट कोपऱ्यात पडते आणि पुढचा खाडा कुणी करत नाही.

पाड्यावर अडथळा भाषेचा आणि विश्वासाचा. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतली प्रश्नावली परकी वाटते. भगत तिच्याच बोलीत विचारतो, घरच्यांना सोबत बसवतो, रात्रीही भेटतो आणि ‘असे का झाले’ याचे उत्तर तिथल्या तिथे देतो. त्याची ही बलस्थाने समजून न घेता त्याच्यावर नुसती टीका करून काही साधत नाही. अर्थात, मर्यादाही स्पष्ट हवी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तिसरा अडथळा लोकलज्जेचा. मच्छीमार वस्तीत प्रत्येक दार ओळखीचे; मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखाली कोण उभे होते, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक. मग पोरीच्या सोयरिकीची काळजी पुढे येते.

या अडथळ्यांवर उपाय नाहीत असे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले, समुपदेशक नेमले आणि तज्ज्ञांना गावाजवळ आणले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. ही तुलना प्रकल्पाच्या आधीची आणि नंतरची आहे, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाला देताना सावध राहावे. तरीही सेवा जवळ आली की लोक येतात, एवढे त्यातून दिसते.

कायदाही लोकांच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. ‘टेलिमानस’ची 14416 ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, तिच्यासाठी खाडा करावा लागत नाही. पण चार जणांच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराने फोनवर मनातले बोलायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. असे प्रश्न तज्ज्ञांना दालनात बसून सुचत नाहीत. ते तुम्हाला सुचतील.

म्हणून पुस्तके उघडण्याआधी एक काम करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत एक सकाळ उभे राहा. तुमच्या पुढचा माणूस कुठून आला, किती वाजता निघाला आणि आज त्याचा किती रोज बुडाला, एवढेच विचारा. पहिल्या दिवशी वहीत तेवढेच लिहा.