सोरायसिस : आकलनाचा इतिहास
सोरायसिस हा शोथयुक्त (दाहयुक्त सूज असलेला), चिरकारी व असंसर्गजन्य विकार होय. यात कोपर, गुडघे, पाठ व डोके यांच्या त्वचेवर लालसर चट्टे उठून त्यांवर रुपेरी खवले साचतात. खाज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले.

मध्ययुगीन यूरोपात खवलेयुक्त त्वचारोग आणि कुष्ठरोग यांत स्पष्ट भेद केला जात नसे. त्यामुळे सोरायसिसच्या रोग्यांनाही सामाजिक बहिष्कार भोगावा लागला असावा. इंग्रज वैद्य रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या सुमारास या विकाराचे रेखीव वर्णन केले. परंतु त्याच्या एका प्रकारास त्यांनी ‘लेप्रा’ हेच नाव दिल्याने घोटाळा कायम राहिला. व्हिएन्नाचे फेर्डिनांट फोन हेब्रा यांनी १८४१ मध्ये तो दूर केला. निरोगी दिसणाऱ्या त्वचेला इजा झाल्यास तेथेही नवे चट्टे उठतात, हे हाइन्‍रिख कोब्नर यांनी १८७२ मध्ये दाखविले. रोगप्रवणता केवळ चट्ट्यापुरती मर्यादित नसते, याचा हा महत्त्वाचा संकेत होता.

उपचार मात्र दीर्घकाळ त्वचेपुरतेच राहिले. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षापासून मिळणारी व पोर्तुगीज व्यापारामार्गे आलेली ‘गोवा पावडर’ भारतात गजकर्णावर वापरीत. १८७०–८० या दशकात लंडनचे बॉल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली. तिच्यातील क्रिसारोबिनाला पर्याय म्हणून १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल पुढे आले.

बाह्यत्वचेतील कोशिकांना पृष्ठभागापर्यंत येण्यास एरवी सु. ४ आठवडे लागतात. या विकारात ३ ते ५ दिवसच लागतात. त्यामुळे कोशिकांची अतिवृद्धी हेच मूळ कारण मानले जाई. तथापि १९७९ मध्ये प्रतिरक्षादमक सायक्लोस्पोरिनाने चट्टे कमी झाल्याचे आढळले आणि लक्ष प्रतिरक्षा यंत्रणेकडे वळले. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-सी जनुकाचा एक प्रकार रोगप्रवणता वाढवितो. घशाचा मालागोलाणुजन्य संसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान व काही औषधे यांमुळे रोग उद्‌भवतो वा बळावतो. त्यात टी-लसीका कोशिका व इंटरल्यूकीन-२३ आणि १७ ही द्रव्ये शोथ चालू ठेवतात.

हा शोथ त्वचेपुरता राहत नाही. काही रोग्यांत संधिशोथ होऊन सांधे कायमचे विद्रूप होतात. तीव्र रोगात हृद्‌रोगाचा धोका वाढतो. मधुमेह, स्थूलता व विषण्णता यांचे प्रमाणही अधिक आढळते. इंटरल्यूकीनरोधी औषधांनी त्वचा पुष्कळदा जवळजवळ स्वच्छ होते. मात्र रोग समूळ नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये संमत केलेल्या ठरावात रोग्यांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाचीही दखल घेतली. कुष्ठरोगापासून हा विकार वेगळा ठरून तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती; स्पर्शाने तो पसरतो हा गैरसमज मात्र पूर्णपणे गेलेला नाही.