काच बोट कसे ओळखते? ‘आकाश’ टॅबलेट आणि स्पर्शाच्या दोन परंपरा

१/ ५ ऑक्टोबर २०११. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला. किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये. जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा बराच गवगवा झाला. पाठोपाठ तक्रारीही आल्या. त्यांतील एक अशी, की काच जोर लावून दाबल्याखेरीज या यंत्राला काही कळतच नाही. या तक्रारीचे मूळ शोधायचे तर जवळपास अर्धे शतक मागे जावे लागते.

२/ इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे रडार-संशोधनाची सरकारी संस्था होती. तेथील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. विमानवाहतूक नियंत्रकांचे काम सुकर व्हावे, हा हेतू होता. मानवी शरीर विद्युतवाहक असते. बोट जवळ येताच तारेची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. तेवढा बदल मोजला की स्पर्श कळतो. पुढे १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळील ‘सर्न’मध्ये फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी याच तत्त्वावर कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक पडदे घडवले.

३/ दुसरी परंपरा अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात जन्मली. सॅम्युअल हर्स्ट यांना प्रयोगांतून आलेल्या लांबलचक आलेखांवरील बिंदू एकेक करून वाचावे लागत. त्या कंटाळवाण्या कामातून सुटका म्हणून १९७१ च्या सुमारास त्यांनी ‘इलोग्राफ’ तयार केला. तो पारदर्शक नव्हता. पारदर्शक रूप त्याला काही वर्षांनी मिळाले. येथे बोटातील विजेला काही काम नाही. काम करतो तो दाब.

४/ या रोधी पडद्यात दोन पातळ विद्युतवाहक थर असतात. मध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट असते. वरचा थर दाबला की तो खालच्याला टेकतो. एका थराच्या एका कडेला ५ व्होल्ट आणि समोरच्या कडेला शून्य दाब दिला, तर मध्ये तो शेताच्या उतारासारखा समान उतरत जातो. टेकलेल्या जागी दुसऱ्या थराने २ व्होल्ट वाचले, तर बोट शून्याच्या कडेपासून रुंदीच्या ४० टक्क्यांवर आहे. लगेच थरांची अदलाबदल करून उंचीही मोजतात. दोन मापे मिळाली की जागा ठरते. जोर वाढला की दोन थरांमधला संपर्क पसरतो आणि रोध घटतो. त्यावरून दाबाचाही अंदाज बांधता येतो.

५/ धारितेच्या आजच्या पडद्यात उभ्याआडव्या पारदर्शक रेषांची जाळी असते. प्रत्येक छेदबिंदूवर किंचित विद्युतभार साठतो. बोट जवळ आले की त्यातला काही भाग बोटाकडे वळतो. नियंत्रक चिप सारी जाळी सेकंदाला अनेक वेळा तपासते. घट कोणत्या बिंदूवर किती झाली, याची भारित सरासरी काढल्याने जाळीच्या दोन रेषांमधली जागाही अचूक सापडते. अनेक बोटे एकाच वेळी ओळखता येतात. मात्र दाब थेट मोजला जात नाही. बोट चेपले की त्याचा ठसा मोठा होतो, एवढेच कळते.

६/ दाबाचा प्रश्न म्हणूनच वारंवार वर आला. १९८२ मध्ये टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी दुधी काचेमागे कॅमेरा ठेवला. बोट टेकले की काळा ठिपका दिसे. जोर वाढला की ठिपका वाढे. २०१५ मध्ये ॲपलने काचेची सूक्ष्म लवण मोजून दाब ओळखणारा आयफोन आणला. २०१९ च्या आयफोनमध्ये ती सोय राहिली नाही.

७/ २००७ च्या पहिल्या आयफोनने हलक्या स्पर्शाची सवय जगाला लावली होती. पहिला ‘आकाश’ मात्र रोधी होता, कारण तो पडदा स्वस्त. मग प्रकल्पाची सूत्रे मुंबई आयआयटीकडे आली. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली ‘आकाश २’ साकारला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्याचे अनावरण केले. सरकारला पडणारी किंमत जवळपास तीच राहिली. पडदा मात्र धारितेचा झाला. पुढे योजना देशभर पोहोचण्याआधीच विरली. तोवर धारितेचा पडदा स्वस्त मोबाईलमध्येही रुळू लागला होता.

८/ या विजयाची एक बाजू बीड जिल्ह्यात दिसते. आष्टी तालुक्यातील कडा आणि भोवतालचा मुलूख ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. हंगामभर गावी राहिलेल्या मुलाबाळांशी बोलायचे साधन म्हणजे मोबाईल. कोयता धरून तळहाताला, बोटांना घट्टे पडतात. घट्ट्याची मृत, कोरडी कातडी विजेला अडवते. विद्युतभार बोटाकडे कमी वळतो आणि काचेला स्पर्श पुसट कळतो. अशा वेळी बोट ओलसर करून पाहणे किंवा दुसरे बोट टेकवणे, हाच उपाय उरतो.

९/ ज्या पडद्याची २०११ मध्ये थट्टा झाली, त्याला घट्टे, हातमोजे किंवा साधी काडी यांपैकी कशाचेच वावडे नव्हते. त्याला फक्त जोर हवा होता, आणि तो या हातांत भरपूर आहे. नव्या चिप आता संवेदनशीलता वाढवून जाड कातडीमागचे बोटही शोधू लागल्या आहेत.

१०/ माल्व्हर्नमधला पडदा विमानवाहतूक नियंत्रकासाठी कल्पिला होता, केंटकीतला संशोधकासाठी. प्रत्येक यंत्र आपल्यापुढे बसणारा माणूस कोण, हे गृहीत धरूनच घडते. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना शोधाच्या तारखेइतकेच हेही पाहावे, की ते गृहीतक कोणाच्या बोटावर बेतले होते.