०.३ मिनिटं म्हणजे किती सेकंद?

शाळेतलं पोरगंही सांगेल, १८. पण १९९६ साली कोस्टारिकाच्या सान होसे शहरात, सान हुआन दे दिओस हॉस्पिटलात ते ३० धरले गेले. कोबाल्ट मशीनमध्ये नवा सोर्स बसवला होता, त्याची ताकद मोजताना हा घोळ झाला. मशीन आहे त्यापेक्षा कमजोर समजलं गेलं, म्हणून प्रत्येकाला जास्त वेळ शेक दिला गेला. डोस दीडपटीहून जास्त. लक्षात येईपर्यंत ११५ पेशंट त्या मशीनखालून गेले होते.

आपल्याकडे गावात रेडिएशनला अजून शेकच म्हणतात. शेक डॉक्टर लिहून देतात, टेक्नॉलॉजिस्ट देतात. पण लिहिलेला डोस मशीनमधून खरोखर तेवढाच येतोय का, हे बघणारा तिसरा माणूस असतो, मेडिकल फिजिसिस्ट. मी हेच काम तीस वर्षं केलं. नातेवाईक विचारायचे, "तुम्ही कसले डॉक्टर?" डॉक्टर नाही, फिजिक्सवाला, म्हटलं की पुढचा प्रश्न येत नसे. पण हा माणूस हॉस्पिटलात तयार कसा होतो, हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास. म्हणजे मशीनची ताकद दर महिन्याला साधारण एक टक्का घटते आणि त्या हिशोबाने शेकाची वेळ वाढवावी लागते. अमेरिकेत कोलंबसच्या रिव्हरसाइड हॉस्पिटलात १९७४ ते ७६ मध्ये ही घट चुकीच्या ग्राफ पेपरवर सरळ रेषेत पुढे ओढली गेली. खरी घट वक्र असते, हळूहळू मंदावत जाते. कागदावरचं मशीन खऱ्यापेक्षा झपाट्याने म्हातारं होत गेलं आणि डोस महिन्यागणिक वाढत गेला. २२ महिने कुणी प्रत्यक्ष मोजलंच नाही. ४२६ पेशंट. मग १९८८, इंग्लंडमधलं एक्झिटर. नवा सोर्स मोजताना ०.४ मिनिटांऐवजी ०.५ धरलं, २०७ जणांना २५ टक्के जास्त डोस.

तिन्ही ठिकाणचं गणित बघा. त्यात एकही अवघड समीकरण नाही. एम.एस्सी.च्या पेपरात या चुका कुणी करणार नाही. त्या होतात हॉस्पिटलात, पेशंट बाहेर ताटकळत असताना, एकटा माणूस घाईत आकडा लिहितो तेव्हा आणि शेजारी दुसरं कुणी तो आकडा स्वतंत्रपणे काढून बघत नाही तेव्हा. हे पुस्तकातून येत नाही. अनुभवी माणसाच्या हाताखाली राहूनच अंगवळणी पडतं.

अमेरिकेतही कित्येक दशकं फिजिक्सची पदवी घ्यायची आणि थेट हॉस्पिटलात रुजू व्हायचं, अशीच रीत होती. तिथल्या फिजिसिस्टांच्या संघटनेने हॉस्पिटलमधल्या रेसिडेन्सीची मार्गदर्शक तत्त्वं १९९० मध्ये छापली. ती सक्तीची व्हायला २०१४ उजाडलं. तेव्हापासून मान्यताप्राप्त रेसिडेन्सी, म्हणजे साधारण दोन वर्षं, पूर्ण केल्याशिवाय बोर्डाचं प्रमाणपत्र नाही. जागा कमी, पोरं जास्त, अशी ओरडही लगेच झाली. तरी नियम मागे घेतला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आपलं. यात आपण मागे नव्हतो, उलट बरेच पुढे होतो. १९६२ साली ट्रॉम्बेला, आज ज्याला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो तिथे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने एम.एस्सी.नंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी टाटा मेमोरिअल हॉस्पिटल आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा खात्याकडे आलं. अणुशास्त्रज्ञ आणि कॅन्सर हॉस्पिटल एकाच खात्याच्या छपराखाली, असा योग फार थोड्या देशांना लाभला असेल. देशभरातल्या कोबाल्ट मशीनांमागे पुढची अनेक वर्षं ट्रॉम्बेचीच माणसं दिसायची. १९७६ मध्ये फिजिसिस्टांची संघटनाही मुंबईतच उभी राहिली.

डिप्लोमात हॉस्पिटलचं प्रात्यक्षिक होतंच. पण डिप्लोमानंतर सुसज्ज रेडिओथेरपी विभागात बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, हे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या २०११ च्या संहितेत लिहिलं गेलं. १९६२ ते २०११. मधल्या काळात कोबाल्ट जाऊन लिनॅक आले, डोस मिलिमीटरच्या हिशोबात देता येऊ लागला आणि चूक कॉम्प्युटरच्या पोटात लपू लागली.

बारा महिने पुरतात का? माझ्या मते नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशिया-पॅसिफिक देशांसाठी केलेली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रशिक्षण पुस्तिका किमान दोन वर्षांचा विचार करते. रेडिओथेरपीत एम.डी. करणारा डॉक्टर तीन वर्षं रेसिडेंट असतो. त्याने लिहिलेला डोस तपासणाऱ्याला एक वर्ष.

आणि ते एक वर्षही कसं जातं? एका हॉस्पिटलात मी पाहिलंय. इंटर्नला वर्षभर सकाळची रोजची तपासणी दिली होती, कारण ते काम बाकी कुणाला नको होतं. पोरगी हुशार होती. नवं मशीन कमिशन होत होतं, तेव्हा तिला आत उभंही केलं नाही. वर्ष संपलं, सर्टिफिकेट मिळालं, आणि लगेच एका लहान शहरातल्या सेंटरवर ती एकटी फिजिसिस्ट म्हणून रुजू झाली. कागदोपत्री सगळं नियमात.

मुदत वाढवायची तर विद्यावेतन कोण देणार, हा प्रश्न येणारच. माझं उत्तर सरळ आहे. लिनॅकची किंमत कोटींत असते, फीत कापायला मंत्री येतात. त्याच मंजुरीत दोन रेसिडेंटचं दोन वर्षांचं विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या सीनियरचे आठवड्यातले ठरावीक तास धरून टाका. लॉगबुकात प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवा : पाहिलं, कुणाच्या देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. तिसऱ्या रकान्यावर सही करणाऱ्याचं नाव वाचता येईल असं लिहा.