काशीची वाट आणि शाळेची हजेरी

सोडमुंजीच्या विधीत बटू काशीला जाण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकतो आणि मामा मुलगी देण्याचे वचन देऊन त्याला माघारी आणतो. या लुटुपुटुच्या प्रवासामागे एक जुनी समजूत आहे : काशीला जायचे ते शिकण्यासाठी. आज मात्र मराठी घरातील मूल काशीला निघते, ते पुष्कळदा शाळा बुडवून. ही उलटापालट कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्राचे काशीशी असलेले नाते जितके पुण्याचे, तितकेच विद्येचे. पैठणचे भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीत स्थिरावले. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. १७९१ मध्ये जोनाथन डंकन याने काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन केली. पुढे तेथेच बापूदेव शास्त्री या महाराष्ट्रीय पंडितांनी ज्योतिषाचे अध्यापन केले.

पारंपरिक अध्ययनालाही सुट्टी होती. तिचे नाव अनध्याय. मनुस्मृतीप्रमाणे श्रावणात किंवा भाद्रपदात उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावयाचे; त्या काळातही अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या वर्ज्य. मेघ गर्जले, तरी पाठ थांबे. पण तो थांबे गुरूचा आणि सर्व शिष्यांचा एकाच वेळी. त्यामुळे अनध्यायामुळे कोणी एकटा मागे पडत नसे.

यात्रेचा काळ वेगळाच होता. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या, त्या पुढच्या वर्षी परतल्या. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि अलाहाबाद लोहमार्गाने जोडली गेली आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. यात्रा सोपी झाली, तशी आजीआजोबांबरोबर नातवंडेही निघू लागली. दरम्यान शिक्षण हजेरीपत्रक, घटक चाचणी आणि सत्र यांत बांधले गेले होते. शाळेला मोठी सुट्टी मे महिन्यात. तेव्हा काशीचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. घाटांवरची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, बहुधा दुसरे सत्र सुरू झाल्यावर. महाशिवरात्र येते ती परीक्षांच्या तोंडावर. पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, आणि त्याचा ताण मुलावर येतो.

२०२५ मध्ये हा ताण ठळकपणे दिसला. प्रयागराजचा महाकुंभ १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी या काळात भरला. महाराष्ट्रात बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला, तर दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. संगमावरून यात्रेकरूंचे लोंढे काशीत आले आणि तेथील शहरी शाळांना आठवीपर्यंतचे वर्ग काही दिवस ऑनलाइन भरवावे लागले. पाहुण्यांच्या यात्रेने यजमानांच्या मुलांचीही शाळा थांबली.

इंग्लंडमध्ये सत्रकाळात विनापरवानगी मुलांना सहलीला नेणाऱ्या पालकांना दंड होतो. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही शाळेच्या नियमांप्रमाणे हजर राहणे म्हणजेच नियमित हजेरी, असा निर्वाळा दिला. आपल्याकडील २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी २००, तर सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले, पण असा दंड ठेवला नाही. निर्णय घराच्या विवेकावर सोडला आहे.

त्या विवेकाला जुना अनध्याय काही सांगू शकतो. प्रवासात दोष नाही. गंगेचा काठ, ज्ञानवापीचा परिसर, अहिल्याबाईंनी उभारलेले विश्वनाथ मंदिर हे मुलासाठी इतिहासाचे धडेच आहेत. दोष आहे तो एकट्याच्या गैरहजेरीत. वर्गात अपूर्णांक शिकवले जातात, तेव्हा जे मूल नौकेत बसलेले असते, त्याला पुढची त्रैराशिके अवघड जातात. आणि घरी शिकवणारे कोणी नसेल, तर हे अंतर वाढतच जाते. म्हणून जाण्यापूर्वी वर्गशिक्षकांना सांगणे, चुकणारा पाठ विचारून घेणे आणि परतल्यावर मुलाने पाहिलेली काशी वर्गाला सांगणे, एवढे तरी घराने व शाळेने मिळून करावे. मग काशीला जाणे पुन्हा शिकण्यासाठी जाणे ठरेल.