परदेशस्थ हिंदी लोक आणि विदर्भातील तीन पुरुष

श्रोतेहो, माणूस पोटासाठी गाव सोडून गेला तरी त्याचे घराशी असलेले नाते तुटत नाही. सणावाराला त्याची आठवण निघते, आजारपणात पत्र जाते, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत त्याचा हिस्साही राहतो. परंतु माणूस देशच सोडून गेला म्हणजे त्याचे आपल्या सरकाराशी असलेले नाते काय होते? सरकारने त्याची काळजी वाहावी किंवा कसे, आणि वाहावयाची तर कोणत्या बळावर, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपले वाशीम समुद्रापासून फार दूर. त्यामुळे हा विषय मुंबईकरांचा किंवा कोकणच्या लोकांचा, असे आपणांपैकी कित्येकांस वाटेल. परंतु १९४१ ते १९४६ या आणीबाणीच्या वर्षांत परदेशस्थ हिंदी लोकांचा प्रश्न हिंदुस्थान सरकारच्या वतीने ज्यांनी हाताळला, त्यांत आपल्या विदर्भातील तीन पुरुष प्रमुख होते : वणीचे लोकनायक बापूजी अणे, नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे आणि अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. त्यांची कामगिरी नीट समजावयाची तर आधी शंभर वर्षे मागे गेले पाहिजे.

१८३४ साली ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने बंद होऊ लागली, आणि मॉरिशसमधील उसाच्या मळेवाल्यांस मजुरांची वाण पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २ तारखेस 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज हिंदी मजुरांस घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले. पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून ही माणसे जात. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले, आणि करारावर जाणारा तो गिरमिटिया ठरला.

या काळात सरकारचे या माणसांशी नाते कसले होते? बंदरावर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचा संरक्षक नेमलेला असे. तो नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय आणि अंगावरची खूण वहीत लिहून घेई. जहाज सुटले म्हणजे त्या माणसाशी हिंदुस्थान सरकारचा व्यवहार बहुतेक संपला. मळ्यावर मजूर आजारी पडला, त्याची मजुरी कापली गेली, काम चुकले म्हणून त्यास तुरुंगात घातले, तर त्याचा वाली कोण? संरक्षक हे नाव मोठे, परंतु खरे काम मोजदादीचे. आपल्या माणसांशी सरकारचे पहिले नाते असे वहीपुरते होते.

हे वहीचे नाते माणुसकीच्या नात्यात बदलावे म्हणून वरिष्ठ कायदेमंडळात ज्यांनी प्रथम नेटाने आवाज उठविला, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक हे त्यांचे जन्मगाव. १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत दीड लाखावर गिरमिटिये गेले होते. करार संपल्यावर तेथेच राहू इच्छिणाऱ्या मजुरावर तेथील सरकारने दरसाल तीन पौंडांचा कर बसविला होता. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी नाताळला मजूर पाठविणे बंद करावे, असा ठराव मांडला. तो मंजूर झाला आणि १९११ च्या जुलैपासून ती वाट बंद झाली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी गिरमिट पद्धतच सर्वस्वी नाहीशी करावी असा दुसरा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. परंतु पडलेला ठरावही काम करून जातो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले आणि तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी त्यांनी समक्ष ऐकली. त्यानंतर गांधीजींच्या सत्याग्रहापुढे नमून तेथील सरकारने १९१४ साली तो तीन पौंडांचा कर रद्द केला. गोखले १९१५ साली वारले. १९१७ साली गिरमिटावर मजूर पाठविणे बंद झाले.

१९२२ च्या कायद्याने पुढचे पाऊल पडले. अकुशल मजुरांनी परदेशी जाण्यावर निर्बंध आले, आणि मजूर जेथे राहतात तेथे हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी नेमण्याची सोय झाली. सिलोन आणि मलाया येथे असे एजंट गेले. दक्षिण आफ्रिकेशी १९२७ साली केपटाऊनचा करार झाल्यावर तेथे पहिले एजंट म्हणून ना. श्रीनिवास शास्त्री यांची नेमणूक झाली. शास्त्री मूळचे शाळामास्तर. दरबान येथे हिंदी मुलांसाठी त्यांनी विद्यालय उभे करविले आणि ते त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. मुलांसाठी शाळा आणि गाऱ्हाणे ऐकण्यास एक अधिकारी, एवढ्यानेही दूरच्या माणसास सरकार आपले आहे असे वाटू लागते. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

आता १९४१ साल. महायुद्ध चालू होते. हिंदुस्थान सरकारने परदेशस्थ हिंदी लोकांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बापूजी अण्यांकडे आले. येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. वणी असो की वाशीम, आपला सारा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता खरा, परंतु कायद्याने त्यावर सार्वभौमत्व निजामाचे मानले जाई. १९०२ आणि १९३६ च्या करारांतही तसेच लिहिले गेले. आपला खरा राजा कोण, हा प्रश्न ज्या प्रांतात सुटलेला नव्हता, त्याच प्रांतातील पुरुषाकडे जगभर पांगलेल्या हिंदी लोकांची काळजी सोपविली गेली!

बापूजींच्या खात्यावर लागलीच मोठे संकट कोसळले. १९४२ च्या आरंभी जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि तेथील हिंदी लोक जीव घेऊन स्वदेशाकडे निघाले. साधारणतः चार-पाच लाख माणसे आली, त्यांतील पुष्कळ आसाम आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी चालत. वाटेत उपासमारीने, पटकीने आणि हिवतापाने हजारो मेली. गोऱ्यांसाठी सोयीची वाट राखली आणि काळ्यांस अवघड वाटेने घातले, अशी तक्रार देशभर गाजली. स्वतंत्र खाते होते, त्याचे मंत्रीही हिंदी होते. परंतु रणांगणाजवळच्या वाटांवर हुकूम लष्कराचा चाले. खाते हाती असणे आणि सत्ता हाती असणे यांतील अंतर त्या वाटेवरच्या माणसांनी आपल्या जिवाने मोजले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकार त्यांस सोडीना, तेव्हा बापूजींनी दोन सहकाऱ्यांसह मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. चहाच्या मळ्यांवर पिढ्यान्पिढ्या राबणारे तमिळ मजूर सिलोनचे की हिंदुस्थानचे, हा तेथील वाद होता.

बापूजींच्या मागून खाते डॉ. खऱ्यांकडे आले. दक्षिण आफ्रिकेने १९४३ साली हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर नवे निर्बंध घातले होते. 'जशास तसे' करण्याचा अधिकार सरकारास देणारा कायदा हिंदुस्थानात त्याच वर्षी झाला होता. त्या कायद्याचे हत्यार १९४४ च्या नोव्हेंबरात डॉ. खऱ्यांच्या कारकिर्दीत दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांवर प्रथम उपसले गेले. हिंदुस्थानात राहणारे असे गोरे अगदी थोडे, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम बेताचाच झाला. तरी आपल्या माणसाच्या अपमानाचे उत्तर सरकारने द्यावयाचे असते, ही गोष्ट कायद्याच्या रूपाने जगापुढे आली.

रामराव देशमुख १९४५ साली दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे हायकमिशनर झाले. शास्त्रींचे साधे एजंटाचे पद आता या दर्जास चढले होते. पुढच्याच वर्षी तेथील सरकारने हिंदी लोकांच्या वस्तीवर आणि जमिनीवर आणखी कडक कायदा केला. तेव्हा हिंदुस्थान सरकारने देशमुखांस परत बोलाविले, त्या देशाशी व्यापार बंद केला आणि संयुक्त राष्ट्रसंघात फिर्याद नेली. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी हिंदुस्थानच्या बाजूचा ठराव संमत केला. विजयालक्ष्मी पंडित तेव्हा आपल्या प्रतिनिधिमंडळाच्या प्रमुख होत्या. १९१२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात मते कमी पडली, आणि चौतीस वर्षांनी साऱ्या जगाच्या सभेत ती मिळाली.

परंतु स्वातंत्र्य मिळाल्याने सर्व गाठी सुटल्या असे नाही. १९४८ च्या सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरील लाखो मजूर कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. नेहरूंच्या सरकारचे धोरण असे होते की, जो जेथे स्थायिक झाला त्याने त्याच देशाशी निष्ठेने राहावे. तत्त्व योग्य होते. परंतु ज्यास तो देश आपला म्हणत नाही, त्याने कोठे जावे? १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावी, ३,००,००० सिलोनने, आणि उरलेल्या १,५०,००० चा विचार मागाहून व्हावा. दोन सरकारांनी माणसांची ही वाटणी केली. मळ्यावरच्या बाईस कोठे राहावयाचे, हे तिला फारसे कोणी विचारले नाही. राहिलेल्यांस नागरिकत्व देणारा कायदा श्रीलंकेत झाला तो २००३ साली.

त्याच २००३ सालापासून भारत सरकार ९ जानेवारीस प्रवासी भारतीय दिवस साजरा करू लागले. १९१५ साली त्या तारखेस गांधीजी आफ्रिकेहून परतले होते. २००४ साली परदेशस्थ भारतीयांचे स्वतंत्र मंत्रालय निघाले, आणि २०१६ साली ते परराष्ट्र खात्यात विलीन झाले. २००५ च्या दुरुस्तीने 'ओसीआय' कार्डाची सोय झाली; त्याने येण्याजाण्याची मुभा मिळते, मताचा अधिकार मिळत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकास मतदार यादीत नाव घालता यावे, अशी तरतूद २०१० च्या कायद्याने केली. मत देण्यास मात्र स्वतः गावी यावे, असे त्यात ठरले.

या सोहळ्यांपेक्षा आणि कार्डांपेक्षा मला १९९० सालची एक गोष्ट मोठी वाटते. इराकने कुवेत घेतले तेव्हा तेथील सुमारे १,७०,००० भारतीयांस सरकारने विमानांनी घरी आणले. ब्रह्मदेशातून पायी आलेल्यांची आठवण ठेवून हा आकडा वाचावा, म्हणजे मधल्या अर्धशतकात काय बदलले ते ध्यानी येते.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येईल. परदेशी गेलेल्या माणसास सरकारचे नाते दोन गोष्टींनी कळते. अडचणीच्या वेळी जवळ कोणी आपला अधिकारी आहे की नाही, ही एक. आणि त्या अधिकाऱ्यामागे स्वदेशातील जागृत लोकमत उभे आहे की नाही, ही दुसरी. अणे, खरे आणि देशमुख यांस पद मिळाले. परंतु त्या पदामागे लोकांचे राज्य नव्हते, म्हणून त्यांच्या हाताला मर्यादा पडल्या. आज राज्य लोकांचे आहे. १९८३ च्या कायद्यातही बंदरावरच्या त्या जुन्या संरक्षकाचे नाव तसेच ठेविले आहे. दहावी न झालेला मजूर आखाती देशांत कामास निघाला, तर त्याच्या कराराची तपासणी याच अधिकाऱ्याकडून व्हावयाची असते. आपल्या गावातला एखादा मुलगा दलालाच्या शब्दावर निघाला असेल, तर त्यास प्रथम त्या कचेरीची वाट दाखवावी. संरक्षकाने नुसती वही भरू नये, खरे संरक्षण करावे, हे पाहणे मागे राहिलेल्या आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.