बोहाडा : मुखवट्याचा विसरलेला अर्थ

मराठी समीक्षेत 'मुखवटा' हा शब्द बहुधा आरोपासारखा येतो. मुखवटा म्हणजे ढोंग. तो गळून पडला की खरा चेहरा दिसतो, असे आपण गृहीत धरतो. परंतु याच भाषेत गौरीचा मुखवटा असतो आणि खंडोबाचाही. तेथे मुखवट्याने काही लपत नाही. किंबहुना त्याच्यामुळेच देव प्रकटतो. या दुसऱ्या अर्थाचे नाट्यरूप पाहायचे, तर जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याकडे वळावे लागते.

उल्हासनगर कॅम्प २मधून पाहता हा प्रदेश परका नव्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हे दोन्ही तालुके आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेथील कोकणा, वारली, ठाकर आदी समाज उन्हाळ्यात, शेतीला उसंत असताना, रात्रभर बोहाडा नाचवतात. सुरगाणा आणि डांग भागात याच परंपरेला 'भवाडा' म्हणतात. संबळ वाजू लागतो, आरंभी गणपती येतो. मग नरसिंह, रावण अशी पुराणातील सोंगे एकामागून एक नाचून जातात. देवीने महिषासुराचा वध केला की खेळ संपतो.

हे मुखवटे लाकडात कोरलेले असतात किंवा कागदाचे. मातीच्या साच्यावर खळीने कागदाचे थर चढवायचे, वाळल्यावर सोडवून रंगवायचे. लाकडी मुखवटा जड असतो. डोक्याला कापड गुंडाळून तो बांधावा लागतो आणि भोकांतून जेमतेम दिसते. चेहऱ्याचा अभिनय येथे शक्यच नाही. उरतात ती पावले, मानेचा झोक आणि वाद्यांची लय. म्हणजे मुखवट्याची घडणच नाट्याचे रूप ठरवते.

हे ध्यानात घेतले की आपल्या नाट्येतिहासाचा एक सांधा वेगळा दिसू लागतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे सूत्रधार गात असे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पात्रे स्वतः गाऊ लागली. गाणाऱ्या तोंडावर मुखवटा चालत नाही. नटाचा चेहरा आणि कंठ हेच रंगभूमीचे केंद्र झाले. पुढे पात्राच्या अंतर्मनाचा शोध सुरू झाला आणि मुखवट्याच्या वाट्याला केवळ लपवाछपवी उरली, असे मला वाटते.

आज हेच मुखवटे शहरी दिवाणखान्यांच्या भिंतींवर शोभेसाठी टांगलेले दिसतात. नाचापासून तोडलेला मुखवटा पाहून बोहाडा कळत नाही. त्याला अंग हवे, संबळ हवा, ओळखणारे गाव हवे. नाट्येतिहास शिकवताना आपण १८४३पासून आरंभ करतो. त्याआधी एक तास बोहाड्याला दिला, तर विद्यार्थ्यांना एवढे तरी उमगेल की लिखित संहितेवाचूनही नाटक उभे राहते, आणि चेहरा झाकूनही माणूस काही खरे सांगू शकतो.