मागणे, आळवणी, संवाद : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची वाट

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता वर्गात शिकविताना एक अडचण दर वर्षी येते. 'फुलामुलांचे कवी' ही त्यांची ओळख विद्यार्थ्यांना पाठ असते. पण हेच टिळक 'अभंगांजली'चे कवी आहेत असे सांगितले की वर्ग थोडा बावरतो. ख्रिस्ती माणसाने अभंग लिहावा, त्यात येशूला माउली म्हणावे, हे काय आहे? अनुकरण की तडजोड? आमच्या मते याचे उत्तर काव्यशास्त्रात शोधून सापडणार नाही. ख्रिस्ती माणसाच्या ईश्वराशी असलेल्या नात्यात प्रार्थनेचे स्थान काय, येथून सुरुवात करावी लागते.

आमच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये वसाहतीला आजचे नाव मिळाले. घरदार सिंधमध्ये राहिले, पण झुलेलालचे चाळीस दिवसांचे व्रत त्यांच्याबरोबर आले. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवालय उभे आहे. गावात कारखानदारी आली, तसतशी नाना प्रांतांची कुटुंबे आली. मल्याळी ख्रिस्ती आले. सीरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, त्यामागे अशीच स्थलांतरे आहेत. माणूस गाव सोडतो, बाजाराची भाषा बदलतो. देवाशी बोलण्याची भाषा मात्र तो सर्वांत शेवटी सोडतो. मग ज्याने देवाचे नावच बदलले, त्याने कोणत्या भाषेत बोलावे? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास एका अर्थी या प्रश्नाचा इतिहास आहे.

ख्रिस्ती विचारात प्रार्थना हा पूजाविधीचा केवळ एक भाग नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दार लावून, एकांतात प्रार्थना करण्यास सांगतो आणि शब्दांच्या निरर्थक पुनरुक्तीविरुद्ध बजावतो. तो ईश्वराला 'अब्बा' अशी हाक मारतो. हा अरामी भाषेतला, घरात बापासाठी वापरला जाणारा शब्द; ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारातही तो तसाच राहू दिला आहे. गेथशेमाने बागेत तो दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो, आणि त्याच श्वासात पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. मागणे आहे, पण मागण्याने नाते संपत नाही. मागणे नाकारले गेले तरी हाक चालूच राहते. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने आपले आत्मचरित्र देवाला उद्देशूनच लिहिले, त्याचे मर्म हेच. आपण कोण आहोत हे त्याला देवाशी बोलता बोलताच कळत जाते.

मराठीत ही हाक प्रथम ग्रंथरूप झाली ती गोमंतकात. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभ मराठी पुराणाच्या रीतीप्रमाणे नमनाने होतो. हे नमन म्हणजेच प्रार्थना. नव्याने धर्मांतरित झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणे गेली होती. त्यांच्या कानाला ओळखीचा छंद स्टीफन्सने परत दिला. मात्र ही प्रार्थना सामुदायिक श्रवणाची होती. पुराणिक सांगतो, समाज ऐकतो; एकट्या माणसाचा कंठ तेथे अजून फुटलेला नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. हाकेची भाषा राज्यसत्तेच्याही डोळ्यांत खुपते, याचा तो पुरावाच म्हणायचा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने बायबलचे मराठी भाषांतर केले, 'ज्ञानोदय' चालविला. त्या भाषांतरांचे ऋण मोठे आहे. पण त्या गद्याला परकेपणाची कड राहिली. बाबा पदमनजींसारख्यांचे धर्मांतर प्रामुख्याने वादविवाद आणि विवेक यांच्या वाटेने झाले. ज्या परमहंस मंडळीत ते वावरले, तिच्याच वारशातून १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला. मूर्ती, पुरोहित, कर्मकांड वजा केल्यावर धर्मात काय उरते, याचे या सुधारकांनी दिलेले उत्तर त्यांच्या संस्थेच्या नावातच आहे. आणि उपासनेसाठी त्यांना शब्द मिळाले ते तुकारामाचे. टिळकांच्या आधी ही वाट अशी अर्धी तयार झाली होती.

मुंबईहून पुण्याला जाणारा लोहमार्ग अंबरनाथ-बदलापूरवरून जातो. त्याच वाटेने पुढे दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन तेथले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये स्वतःची साक्ष लिहिताना एक अवघड कबुली दिली : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने पटलेला धर्म आणि जिवंत नाते यांतले हे अंतर त्यांना कसे भरून काढावे लागले, हे पाहण्यासारखे आहे. दुष्काळातून वाचविलेल्या मुलींसह त्यांनी प्रार्थनेचा नेम धरला. १९०५ मध्ये मुक्तीत जी जागृती झाली, ती या प्रार्थनेतूनच. ज्यांना समाजात बोलण्याचा अधिकार नव्हता, अशा मुली व विधवा तेथे मोठ्याने, कोणाच्या मध्यस्थीशिवाय देवाशी बोलू लागल्या. रमाबाईंचे बायबलचे सुबोध मराठी भाषांतर हा याच प्रेरणेचा दुसरा भाग. ज्याच्याशी बोलायचे, त्याचे शब्द साध्या शिकलेल्या बाईलाही कळले पाहिजेत. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. भाषांतर हातावेगळे झाले होते, ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घराने मोजली. लक्ष्मीबाई आणि ते सुमारे पाच वर्षे दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. तोही नवऱ्याच्या आज्ञेने झालेला नाही, जातिभेद खोटा हे स्वतःला पटल्यावर झालेला. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते ते असे की लक्ष्मीबाई देवाशीही टिळकांशी भांडावे तशाच मोकळेपणाने वागतात. शंका, राग, हसू यांतले काहीही त्या दाराबाहेर ठेवून येत नाहीत. आमच्या दृष्टीने ही प्रार्थनेचीच एक प्रगल्भ अवस्था आहे.

आता अभंगाकडे वळू. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. पूल ओलांडून आलेला माणूस पूल तोडत नाही. मिशनच्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते गायिली जात. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चाली व कीर्तन आणले होते. टिळकांनी त्यापुढे जाऊन भक्ताचा 'मी' आणि देवाचा 'तू' आणला. मराठीत आपण वडीलधाऱ्यांना अहोजाहो करतो, पण आईला आणि देवाला 'तू' म्हणतो. 'अब्बा' या हाकेतली जवळीक मराठीत आणायची तर 'पिता' हा संस्कृत शब्द अपुरा पडतो; 'माउली' तो भार पेलते. म्हणून टिळकांचे अभंग हे अनुकरणही नाही आणि तडजोडही नाही. मूळ हाकेचे ते आम्हांला सर्वांत नेमके भाषांतर वाटते.

आणि ही जवळीक खाजगी राहिली नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त यांची एक बंधुमंडळी. ज्याच्याशी आपण 'तू' म्हणून बोलतो, त्याच्या घराचे दार आपणच कसे लावून घ्यावे? ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एकाने सुरू केलेले देवाशी बोलणे दुसऱ्याने पूर्ण करावे, यात वाङ्मयीन वारशाहून अधिक काही आहे.

अभ्यासक्रमातून टिळकांची प्रार्थना वगळली की टिळक सोपे होतात, गोड होतात, आणि अर्धे होतात. तोटा केवळ ख्रिस्ती वाङ्मयाचा होत नाही. पसायदानाने सांगता करणाऱ्या आणि तुकारामाच्या तोंडून देवाशी भांडणाऱ्या मराठीचेच एक दालन त्यामुळे बंद राहते. आमच्या वर्गात घरी सिंधीत, मल्याळीत, मराठीत देवाला हाक मारणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांना 'अभंगांजली' समजावून सांगणे फारसे अवघड नाही, असा आमचा अनुभव आहे. तुम्ही घरी देवाला काय म्हणता, एवढेच आधी विचारावे लागते.